भुतांचे कानवले

"हे तुमचं हॅलोविन पंचांगात असतं का गं?"

आईंनी हे विचारलं तेव्हा मी ओट्याला चिकटलेला मैदा सुरीने खरवडत होते. आई म्हणजे माझ्या सासूबाई, कुमुद टिपणीस. भिंतीवरच्या कॅलेंडरचं ऑक्टोबरचं पान त्या चष्मा वर-खाली करून वाचत होत्या आणि तोंडाने तिथी पुटपुटत होत्या.

मी म्हटलं, "नाही हो आई. ते परदेशातलं आहे. आपल्याकडे हल्ली मुलांच्या हौशीपायी करतात."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या. "जे पंचांगातच नाही, ते पाळायचं कसं आणि मोडायचं तरी कसं?"

मला काही कळलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत त्या वर्षी पहिल्यांदाच क्लब हाउसमध्ये हॅलोविनची पार्टी ठरली होती. आमच्या विंगमधल्या प्रत्येक घराने एकेक पदार्थ करायचा आणि तो दिसायला भुताखेतांचा हवा, असा सांस्कृतिक समितीचा आदेश होता. शाल्मली, माझी मुलगी, तेव्हा तिसरीत होती. तिने मला न विचारता "माझी आई तिखट पेस्ट्री करणार" असं जाहीर करून टाकलं होतं. माझी धाव पोळी-भाजीच्या कुंपणापर्यंत. मी दुकानातून पेस्ट्रीच्या तयार गोठवलेल्या चादरी आणल्या, बाहेर काढून ठेवल्या आणि फोनवर बोलत बसले. ठाण्यातला ऑक्टोबर तो. परत येऊन बघते तर चादरींची खळ झालेली.

त्यात घरात कढई चढवायची सोय नव्हती. सासरे वैशाखात गेले होते. वर्षाच्या आत सण नाही, फराळ नाही, तळण नाही, हा आईंचा नियम. दिवाळी चार दिवसांवर आली होती, मजल्यावरच्या प्रत्येक दारातून चिवड्याच्या फोडणीचे आणि चकल्यांचे वास येत होते आणि आमचं स्वयंपाकघर तेवढं गप्प होतं. आईंना त्याचं वाईट वाटत होतं, पण बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. संध्याकाळी त्या दार लावून घ्यायच्या, एवढंच.

"कानवले करू," आई म्हणाल्या. "मटारचे. ते भुताचे कर म्हणतात तर भुताचे."

कानवले म्हणजे इतर लोक ज्याला करंजी म्हणतात त्याच जातीचा प्रकार. पण असं आमच्या सीकेपी घरात म्हटलंत तर जेवायला वाढणार नाहीत. रव्याचं पीठ कुटून कुटून मऊ करायचं, पोळ्या लाटून एकीवर एक ठेवायच्या, मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा फासायचा, गुंडाळी करून कापायची, आणि प्रत्येक लाटी अशी लाटायची की तळताना पदर न् पदर सुटला पाहिजे. मी लग्न होऊन आले, मूळची साताऱ्याकडची. पंधरा वर्षं बघत होते, पण माझ्या हातचा कानवला शेवटपर्यंत मिटूनच राहिला.

"पण आई, तळण..."

"दिवाळीचं तळण नाही करायचं. ही काय दिवाळी आहे?" त्या म्हणाल्या आणि कॅलेंडरकडे असं बोट दाखवलं, जसा काही शंकराचार्यांनी दाखला लिहून दिलाय. मग माझ्याकडे न बघता त्यांनी पुढचं सांगितलं. "एकटी-दुकटीचं काम नाही ते. वैजूला फोन कर. शनिवारी सकाळीच ये म्हणावं."

माझ्या हातातली सुरी थांबली.

वैजयंती माझी नणंद, पण त्याच्या किती तरी आधीपासून माझी मैत्रीण. वसतिगृहात आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. तिच्याच घरी सुट्टीत राहायला आले आणि तिच्या धाकट्या भावाने, यशोधनने, माझ्यासमोर कानवल्यांचं ताट ठेवलं, इथून आमचं सगळं सुरू झालं. ती ठाण्यातच राहायची, रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर. आणि उन्हाळ्यापासून तिने आमच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. यशोधन घरी नसेल तेव्हा खाली येऊन आईंना फिरायला न्यायची आणि लिफ्टपाशी सोडून परत जायची.

यशोधन मालवाहू जहाजावर इंजिनिअर. वडील गेले तेव्हा त्याचं जहाज आफ्रिकेच्या बाजूला कुठेतरी होतं. पुढच्या बंदराला उतरून विमानाने यायचं तर तिसरा दिवस उजाडणार होता. फोन वैजूने घेतला होता. "मी येतो, मी येईपर्यंत थांबा," असं तो तिला दोनदा म्हणाला. हॉस्पिटलात ठेवायची सोय होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळं उरकलं आणि अग्नी वैजूने दिला. यशोधन पोचला तेव्हा त्याच्या हातात अस्थींचा कलश आला. त्या आधी आठ महिने त्याने वडिलांना पाहिलं नव्हतं.

तेराव्याला सगळे जेवून गेल्यावर तो तिला म्हणाला, "तुझ्याकडून दोन रात्री थांबणं झालं नाही. माझ्या बापाचं तोंड तू मला बघू दिलं नाहीस." वैजू काहीच बोलली नाही. ती वाद घालणारी बाई. वसतिगृहाच्या मेट्रनला तिने रडवलेलं मी पाहिलंय. ती गप्प राहिली म्हणूनच यशोधनला वाटलं की तिच्याकडे उत्तर नाही. मलाही, खोटं का बोला, तसंच वाटलं. त्या दिवसापासून त्याने तिचा फोन घेतला नाही. आता तो जानेवारीत परत जहाजावर जाणार होता. त्याआधी हे मिटलं नाही तर मग मिटणारच नाही, हे आईंना दिसत होतं आणि मलाही. दगडावर रेघ मारावी तसा त्याचा राग. एकदा बसला की बसला.

"तो घरात असणार आहे शनिवारी," मी म्हटलं.

"असायलाच हवा. तळणार कोण?" आई म्हणाल्या.

यशोधनला मी काही सांगितलं नाही. आईंनीच बजावलं होतं. वैजूला मात्र खरं सांगितलं, कारण तिला फसवणं मला जमत नाही. मग तिने विचारलं, आईने स्वतः बोलावलंय का? मी हो म्हटलं. "येते," म्हणाली.

शनिवारी सकाळी पीठ कुटून झालं होतं, मटारचं सारण परतून गार होत होतं. आईंच्या मनात खरं तर खिम्याचे करायचे होते, पण क्लब हाउसमध्ये सामिष चालत नाही. "भुतं कधीपासून शाकाहारी झाली?" असं त्या दोनदा पुटपुटल्या. यशोधन पेपर वाचत होता. आईंनी त्याला हाक मारून कढईपाशी उभं केलं. लहानपणापासून कानवले तोच तळायचा. मंद आचेवर तूप, एका हातात झारा, आणि गरम तूप वरून सारखं शिंपडत राहायचं, म्हणजे पदर फुलतात. वडिलांनीच शिकवलं होतं त्याला. तूप तापलं, पहिला घाणा सोडायची वेळ झाली, आणि बेल वाजली.

आईंनी वेळ कशी साधली होती ते मला तेव्हा कळलं. तापलेलं तूप टाकून माणूस जात नाही.

वैजू आत आली, पर्स टीपॉयवर ठेवली, हात धुतले आणि सरळ पोळपाटाशी बसली. यशोधनने एकदा वळून पाहिलं. त्याच्या मानेवरची शीर ताठ झालेली मला दिसली. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की त्या दिवसाचं जेवण मला गोड लागणार नाही हे नक्की झालं. पण तो कढईपासून हलला नाही.

मग एक विचित्र खेळ सुरू झाला. वैजू पोळ्या लाटून साटा फासत होती, लाट्या कापत होती. आई भरून कडा मुडपत होत्या. मी तयार झालेले कानवले ताटातून चार पावलांवरच्या कढईकडे नेत होते आणि सोबत निरोपही नेत होते. "स्वरूपा, सांग, कडेचे दोन नीट चिकटलेले नाहीत, ते आधी सोडू नको म्हणावं." "स्वरूपा, विचार, साटा जास्त झालाय का, तूप फेसाळतंय." दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं. मी मध्ये उभं राहून तेच पुन्हा म्हणायचं. पोस्टमनला निदान पगार तरी असतो.

कानवले मात्र काय सुंदर होत होते. वैजूचा हात जराही विसरला नव्हता. तुपात सोडला की आधी बुडायचा, मग हळूच वर यायचा आणि यशोधनच्या झाऱ्याखाली एकेक पदर उलगडायचा. भूत करायचं म्हणून वैजूने प्रत्येकाला मिऱ्याचे दोन डोळे बसवले. काहींच्या कडा कातण्याने कापून वटवाघळाचे पंख केले. कातणं म्हणजे नागमोडी कडा कापायचं ते छोटं चाक. आईंच्या माहेरचं पितळी होतं. आईंना मजा वाटायला लागली होती. एका भुताला त्यांनी दातही लावले, खोबऱ्याच्या कापांचे, आणि "हा तुझ्या मामेसासऱ्यांसारखा दिसतो," असं मला म्हणाल्या. वैजू हसली. कढईपाशी यशोधनचे खांदेही किंचित हलले. मला वाटलं, जमतंय. असंच जमत जाईल, कोणाला काही बोलावंच लागणार नाही.

तेवढ्यात शाल्मली आली. तिला ममी हवी होती. फोनवर चित्र दाखवून तिने सांगितलं की बटाट्याच्या लांब फोडीला पिठाच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि डोळ्यांपुरती फट ठेवायची. वैजूने कातण्याने पट्ट्या कापून दिल्या. आई गुंडाळायला लागल्या.

"हे गं काय म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

शाल्मलीला शाळेत नुकतंच शिकवलं होतं, त्यामुळे उत्साह उतू चालला होता. मेलेल्या राजाला मसाला लावून, पट्ट्या बांधून ठेवायचे, म्हणजे तो खराब होत नाही, असं तिने सांगितलं.

"किती दिवस?"

"दिवस काय आजी, हजारो वर्षं. अजून आहेत. आपण जाऊन बघू शकतो."

कढईकडून यशोधन बोलला. सकाळपासून निरोपांखेरीज तो पहिल्यांदाच बोलत होता, आणि तोंड भिंतीकडे होतं.

"बरी माणसं ती. आपल्याकडे दोन रात्री थांबवत नाही कोणाला."

वैजूचं लाटणं थांबलं. मी तिच्याकडे बघितलं. आता बोलेल, मला वाटलं, आता तरी बोल बाई. तिने खाली मान घातली आणि पुन्हा लाटायला लागली. पोळी फाटली. तिने ती गोळा करून परत मळली.

आईंच्या हातात अर्धी गुंडाळलेली ममी होती. ती त्यांनी ताटात ठेवली, पदराला हात पुसले आणि शाल्मलीला शेजारच्या शाहबेनकडे मोठा डबा मागायला पाठवलं. दार लागल्याचा आवाज येईपर्यंत त्या गप्प बसून होत्या.

"यशा," त्या म्हणाल्या, "गॅस बारीक कर आणि ऐक. वैजू थांबायला तयार होती. रात्रभर माझ्या पाया पडत होती, आई, यशा येऊ दे. मी नाही थांबू दिलं."

वैजू पटकन म्हणाली, "आई, नको."

"तू गप्प बस. खूप दिवस गप्प बसलीस, आणखी थोडं बस." त्या यशोधनच्या पाठीकडे बघून बोलत होत्या. "मी गेले होते हॉस्पिटलात खाली, त्यांना ठेवलं होतं तिथे. लोखंडी खण होता. तो माणूस म्हणाला, आता घरी जा आजी, कुलूप लावायचंय. ह्यांना थंडी सोसायची नाही रे. मे महिन्यात पायावर चादर घेऊन झोपायचे. त्या बर्फात, अंधारात, परक्या ठिकाणी, दोन रात्री. मी वर आले आणि वैजूला सांगितलं, उद्या सकाळी. तू त्यांचा मुलगा आहेस, पण मी त्यांची बायको होते. मला नाही सोसलं."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"तुझं नुकसान झालं," आई म्हणाल्या. "ते मला कळतंय. भरून न येणारं झालं. पण ते मी केलं, तिने नाही. आणि तू तिच्यावर रागावलास तेव्हा मी तोंड उघडलं नाही. मला भीती वाटली. नवरा गेलेला, आता मुलगाही तोंड फिरवील, मग मी कोणाच्या घरात राहू? म्हणून लेकीला पुढे केलं."

यशोधनने गॅस बंद केला. झारा कढईवर आडवा ठेवला. तो वळला तेव्हा आईंकडे नाही, वैजूकडे बघत होता. इतक्या महिन्यांत मी त्याचा तो चेहरा पाहिला नव्हता. अस्थींचा कलश हातात घेतला त्या दिवशीही तो असा दिसला नव्हता.

"ताई," तो म्हणाला. "खरं आहे हे?"

वैजूने मान डोलावली.

"मग मला सांगितलं का नाहीस? एवढं बोललो मी तुला."

"तुला कोणावर तरी रागवायचं होतं, यशा," वैजू म्हणाली. "माझ्यावर रागावलास तर मी माझ्या घरी जाऊ शकत होते. आई कुठे गेली असती?"

मी ओट्याशी उभी राहून रडत होते. आई रडत नव्हत्या. त्यांनी जे द्यायचं होतं ते देऊन टाकलं होतं आणि आता काय परत मिळतं त्याची वाट बघत होत्या.

यशोधन बाल्कनीत गेला. बराच वेळ तिथेच होता. तूप निवत आलं, लाट्या सुकायला लागल्या म्हणून वैजूने त्यांच्यावर ओलं फडकं टाकलं. मग तो आत आला, त्याने गॅस पेटवला, तूप तापायची वाट बघितली आणि मागे न वळता हात पुढे केला.

"ताई, दे पुढचे."

मी ताट उचलायला गेले. वैजूने मला बाजूला केलं आणि स्वतः घेऊन गेली. मग दोघं कढईपाशी उभी राहिली. फार काही बोलली नाहीत. मध्येच तो म्हणाला की साटा खरंच जास्त झालाय, आणि ती म्हणाली की तुझी आच मोठी आहे, साट्याला नाव ठेवू नकोस. माझी नोकरी गेली होती आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

आईंशी मात्र तो त्या दिवशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दिवाळी आली, गेली. तो त्यांना औषधं देत होता, चहा ठेवत होता, पण बोलणं कामापुरतं. मी मध्ये पडायला गेले तेव्हा आईंनीच मला अडवलं. "त्याला वेळ लागू दे," म्हणाल्या. "मला ठाऊक होतं हे होणार. वैजूशी बोलतोय ना? मला तेवढंच हवं होतं." जानेवारीत निघताना तो त्यांच्या पाया पडला आणि जरा जास्त वेळ वाकून राहिला. त्यांनी त्याच्या केसांतून हात फिरवला. एवढंच मी पाहिलं. त्यांच्यात आणखी काही बोलणं झालं असेल तर ते मला माहीत नाही.

पार्टीत आमच्या भुतांचा फडशा सगळ्यात आधी पडला, हे सांगायचं राहिलं. शाहबेननी तर आपल्या गुजराती करंज्यांच्या नावाने "भूतवाले घुघरे" म्हणून कृती मागितली. आईंनी त्यांना कृती सांगितली आणि साट्याचं प्रमाण मुद्दाम चुकीचं सांगितलं. काही गोष्टी घरातच राहाव्यात, असं त्यांचं मत होतं.

याला आता बरीच वर्षं झाली. आई एका श्रावणात गेल्या, दुपारी, झोपेत. वैजू आणि मी दोघीही घरात होतो. यशोधन जहाजावरच होता. त्याला यायला पुन्हा तिसराच दिवस उजाडणार होता. डॉक्टर येऊन गेले, शेजारचे जमले, आणि कोणीतरी हॉस्पिटलात ठेवायची चौकशी करायला लागलं. वैजूने त्यांना थांबवलं आणि यशोधनला फोन लावला. स्पीकर सुरू होता.

"यशा, या वेळी मी थांबते," ती म्हणाली. "कोणी काही म्हणो. तू येईपर्यंत आईला ठेवते."

पलीकडून इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

"आत्ता तिच्याजवळ कोण बसलंय?" त्याने विचारलं.

"शाल्मली बसली आहे. हात धरून."

"मग ताई, थांबू नकोस," तो म्हणाला. "तिला तिथे खाली एकटं नको ठेवायला. आजच कर. आणि अग्नी तूच दे."

वैजूने फोन माझ्या हातात दिला आणि ती भटजींचा नंबर शोधायला आतल्या खोलीत गेली.